गाडीतून गेलेलं गाव

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलात की तासाभराच्या आत चांदोरी येते. तिथे उजव्या हाताला वळायचं, गोदावरीवरचा पूल ओलांडायचा, की आलं सायखेडा! निफाड तालुक्यातलं हे गाव म्हणजे माझं आजोळ. काळीभोर जमीन, कांदा, द्राक्षं, ऊस आणि बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरांची ही भलीमोठी रांग. इथली माणसं गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात.

ही गंगा अधूनमधून गावात येते. अगदी आत येते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आली होती, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा आली. वर गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सुटतं, खाली नांदूरमधमेश्वरचा बंधारा, आणि मधल्या चांदोरी-सायखेड्याच्या घरांत, दुकानांत पाणीच पाणी. पूल दिसेनासा होतो. पण मग पाणी उतरतं. माणसं येतात, खराट्याने गाळ ओढतात, गाद्या वाळत घालतात, दुकानं पुन्हा उघडतात. मामा भिंतीवरची ओल बोटाने दाखवतात आणि म्हणतात, "इथपर्यंत आलती." जणू एखादी पाहुणी येऊन गेली!

हे मी तुम्हाला का सांगतेय? कारण आज आपल्याला अशा गावांकडे जायचंय, जिथली माणसं परत येऊन गाळ काढू शकत नाहीत. तिथे गाळ काढायला जमीनच राहिलेली नाही.

या प्रवासाची सुरुवात एका प्रश्नाने झाली. सायखेड्याहून पूल ओलांडून चांदोरीच्या पलीकडे गेलं, की खेरवाडीचं रेल्वे स्टेशन लागतं. मुंबई-भुसावळ हा रेल्वेचा मोठा मार्ग इथूनच जातो. माझ्या मामेभावाचा मुलगा आठवीत आहे आणि त्याला मालगाड्यांचे डबे मोजायचा भारी नाद. (त्यांना 'वाघिणी' म्हणतात, हे त्यानेच मला ऐटीत सांगितलं.) एके संध्याकाळी आम्ही स्टेशनाबाहेर उभे होतो. मनमाडकडून एक गाडी धडधडत आली. वाघिणींतून काळा ढीग डोकावत होता.

"अठ्ठावन्न, आणि गार्डचा डबा!" तो म्हणाला. "आत्या, हा कोळसा एकलहऱ्याला चाललाय ना?"

"हो."

"आणि येतो कुठून?"

"वणी, चंद्रपूर, तिकडच्या खाणींतून."

"खाणीच्या आधी तिथे काय होतं?"

आता आली का पंचाईत! "जंगल असेल, शेतं असतील," असं काहीतरी मी पुटपुटले. तो गप्प झाला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं.

आधी थोडं गणित करू या. कंटाळू नका, फार सोपं आहे. नाशिक रोडजवळ एकलहरे इथे औष्णिक वीज केंद्र आहे. त्याच्या उंच चिमण्या हवा स्वच्छ असली की रस्त्यावरूनही दिसतात. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. ते १९७९ ते १९८१ या काळात बसवले. त्याआधीचे दोन लहान संच आता बंद झाले. आपल्याकडच्या कोळशातून एक युनिट वीज करायला साधारण पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो. तुमच्या अभ्यासाच्या टेबलावर ९ वॅटचा एलईडी दिवा असेल आणि तो तुम्ही रोज चार तास लावत असाल, तर महिन्याचं एक युनिट होतं. म्हणजे महिन्याला पाऊण किलो कोळसा. फार नाही! पण द्राक्षाच्या मळ्यातला पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला, तर तीस युनिट. म्हणजे एका दिवसाला बावीस-तेवीस किलो. आणि २१० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण ताकदीने चालवायचा तर सुमारे पावणेचार हजार टन! एका मालगाडीत साधारण तेवढाच, जरा जास्तच कोळसा मावतो. एक दिवस, एक संच, एक गाडी.

(कुणी चौकस वाचक म्हणेल, "पण आमच्या दिव्यातली वीज कोयनेची नसेल कशावरून?" बरोबर आहे. वेगवेगळ्या केंद्रांतली वीज तारांत एकत्र होते, तिच्यावर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. पण महाराष्ट्रात अजूनही बरीचशी वीज कोळशावरच होते.)

मग मी ठरवलं, ही गाडी जिथून येते तिथे जायचंच. उलट्या दिशेने. मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा आणि तिथून दक्षिणेला वळून वरोरा, भद्रावती, चंद्रपूर. सातशेच्या आसपास किलोमीटर! राज्य तेच, भाषा तीच, पण पायाखालची जमीन निराळी.

ती निराळी कशी, हे समजून घ्यायला फार मागे जावं लागेल. सायखेड्याच्या मातीखाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो झाला. आपल्या सह्याद्रीचे कडे त्याचेच. चंद्रपूरकडे मात्र त्याहून कितीतरी जुने खडक वर आहेत. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी तिथे दलदल होती, दाट झाडी होती. जिभेच्या आकाराच्या पानांची 'ग्लॉसॉप्टेरिस' नावाची झाडं होती. ती झाडं चिखलात गाडली गेली, दबली, तापली आणि त्यांचा झाला कोळसा. वर्धा नदीच्या खोऱ्यात काही ठिकाणी कोळशाचा थर पंधरा-वीस मीटर जाड आहे. पाच-सहा मजली इमारत आडवी लांबच लांब पसरून जमिनीत पुरलेली असावी, तसा!

इंग्रजांना याचा पत्ता लागला आणि १८७० च्या दशकात वरोऱ्याला खाण सुरू झाली. कोळसा न्यायला वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत खास रेल्वे टाकली. म्हणजे आज माणसं ज्या मार्गाने चंद्रपूरला जातात, त्याचा पहिला तुकडा माणसांसाठी नव्हे, कोळशासाठी बांधला गेला. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली, पण घुग्गुस, बल्लारपूर अशा नव्या खाणी निघत गेल्या. १९७२-७३ मध्ये देशातल्या कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७५ मध्ये नागपूरला वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. चंद्रपूरकडची माणसं तिला 'वेकोलि' म्हणतात.

जुन्या खाणी होत्या भूमिगत. खाली बोगदे, वर गाव. अशा गावाला धोका नसतो असं नाही हं! ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्गुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. पण तरीही, भूमिगत खाणीवर गाव राहू शकतं. खुल्या खाणीचं तसं नाही. तिथे कोळशापर्यंत बोगद्याने जात नाहीत, कोळशावरचं सगळंच उचलून बाजूला ठेवतात. आणि 'सगळंच' म्हणजे खरोखर सगळंच.

आता चला माझ्याबरोबर. चंद्रपूरहून घुग्गुस, घुग्गुसहून वणी, अशी बस धरा आणि खिडकीशी बसा. पहिल्यांदा दिसतात ते डोंगर. सरळ रेषेत उभे, माथा सपाट, अंगावर खुरटी बाभळं. मी शेजारच्या बाईंना विचारलं, "या डोंगराचं नाव काय हो?" त्या हसल्या. "हा कायचा डोंगर बाई! माती होय खदानीची." जमिनीवरून उचललेली माती आणि दगड यांचा तो ढीग! एक टन कोळसा काढायला सरासरी चार-पाच घनमीटर माती-दगड हलवावा लागतो. तो ठेवायचा कुठे? शेजारच्या शेतांवर. म्हणजे खाण जेवढी जमीन खणते, त्याशिवाय आणखी जमीन ढिगाऱ्याखाली जाते.

दुसरी गोष्ट दिसते ती पाट्या. खाणींची नावं वाचत चला. नीलजई, मुंगोली, कोलगाव, उकणी, जुनाड, पिंपळगाव, घोन्सा. राजुऱ्याकडे सास्ती, धोपटाळा, गौरी, पवनी. भद्रावतीकडे तेलवासा, ढोरवासा, जुना कुनाडा, नवीन कुनाडा. चंद्रपूरला लागून पद्मापूर, दुर्गापूर, भटाडी. कशी वाटतात ही नावं? गावांची ना? अहो, ती गावांचीच आहेत! ज्या शिवारात खाण निघते, त्याचं नाव खाणीला देतात. काही गावं अजून खाणीच्या काठावर उभी आहेत, काहींची शेतं गेलीत आणि घरं राहिलीत, काही गावं उठून दुसरीकडे गेलीत. त्यामुळे 'नीलजई' म्हटलं की आता विचारावं लागतं, "गाव की खदान?"

खाणीच्या आत असं कुणालाही जाता येत नाही. परवानगी लागते, डोक्यावर हेल्मेट लागतं आणि बरोबर माहीतगार माणूस लागतो. मी काठावरून पाहिलं. अबब! शंभर मीटरांचा तो खड्डा, म्हणजे तीस मजली इमारत आत उभी केली तरी तिची गच्ची आपल्या पायापाशी यायची. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेला. वर पिवळसर माती, मग तांबूस-पांढरा वाळूचा दगड आणि सर्वांत खाली चकाकणारा काळा पट्टा. त्या पायऱ्यांवरून खेळण्यातल्या गाड्यांसारखे काहीतरी चाललेलं होतं. जवळ आल्यावर कळलं, ते शंभर-शंभर टन माल वाहणारे डंपर! त्यांचं एकेक चाक माझ्या डोक्याच्या वर जाईल एवढं. दुपारी भोंगा वाजला, सगळे लांब झाले आणि स्फोट झाला. आवाजाआधी पायाखालची जमीन हलली. काठावरच्या गावांत या वेळेला भांडी खुळखुळतात आणि भिंतींना तडे असतील तर ते थोडे आणखी वाढतात.

आता मुद्द्याची गोष्ट. गाव जातं कसं? बुलडोझर येतो ही फार शेवटची पायरी. सुरुवात होते कागदावर. १९५७ साली संसदेने कोळसा असलेली जमीन ताब्यात घेण्यासाठी एक स्वतंत्र कायदा केला. त्याच्या कलम ४ प्रमाणे आधी सरकार जाहीर करतं की इथे कोळसा आहे का ते पाहायचंय. मग कलम ७ प्रमाणे, ही जमीन घ्यायचा आमचा विचार आहे. त्यानंतर हरकत घ्यायला मुदत ३० दिवसांची. मग कलम ९, आणि जमीन सरकारची! हे सगळं छापून येतं भारताच्या राजपत्रात, हिंदीत आणि इंग्रजीत. मी तशी एक अधिसूचना वाचली. गावाचं नाव, हेक्टर आणि मग नुसते भूखंडांचे क्रमांक. ओळीच्या ओळी क्रमांक. पिंपळाखालचा पार, पोरांचं खेळायचं मैदान, मातामायचं ठाणं, यांतलं काहीच तिथे नाही. कायद्याचा तो कागद आहे, त्यात ते येणारही नाही, हे मला मान्य. पण कितीतरी गावांबद्दल छापलेला शेवटचा मजकूर तेवढाच असतो.

मोबदला मिळतो का? मिळतो. पूर्वी फार कमी मिळायचा, अलीकडे बराच वाढलाय. शिवाय नोकरी. इथेही एक गणित आहे. साधारण नियम असा, की दोन एकर जमिनीमागे घरातल्या एकाला खाणीत नोकरी. आता करा बरं विचार. एका घरात सहा एकर आणि तीन भाऊ असतील तर छान जमलं. दोन एकर आणि तीन भाऊ असतील तर? आणि ज्याची जमीनच नाही, जो दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातो, नदीत मासे धरतो, लोकांचे नांगर नीट करून देतो, त्याचं काय? त्याचं काम गावात होतं, सातबाऱ्यावर नव्हतं. आणखी एक कोडं: घरात बहीण आणि भाऊ, नोकरी एकच. कुणाचं नाव पुढे जात असेल? हे कोडं तुम्ही घरी मोठ्यांना घाला.

मी एका नव्या गावठाणात गेले. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्या आजींकडे मी उतरले, त्यांना तसं मी कबूल केलंय. नवं गावठाण म्हणजे सरळ रेघेतले रस्ते, चौकोनी भूखंड, प्रत्येकावर क्रमांक. नळ आहे, शाळा आहे, काही घरांपुढे चारचाकी उभ्या. सातवीतल्या एका पोराला मी विचारलं, "जुनं गाव आवडायचं की हे?" तो पटकन म्हणाला, "हेच! इथं नेटवर्क येते." त्याचंही खरंच आहे. खाणीच्या पगारावर इथली काही मुलं नागपूरला कॉलेजात शिकतायत. सगळं रडगाणंच आहे असं नाही.

संध्याकाळी आजी म्हणाल्या, "चाल, गाव दाखवतो." (चंद्रपूरकडच्या बायका 'दाखवतो', 'येतो' असंच म्हणतात.) आम्ही चालत चालत ढिगाऱ्यांच्या मधल्या वाटेने कुंपणापर्यंत गेलो. पुढे वाट संपली. समोर तो खड्डा. मी इकडेतिकडे एखादी भिंत, एखादं जोतं दिसतंय का पाहू लागले. आजींनी समोर हवेत बोट दाखवलं.

"तो बगळा उडून रायला, दिसते का? हं, तिथं माही चूल होती."

मी बगळ्याकडे पाहिलं. खरंच की! जमीनच खाली गेल्यावर घराची जागा राहणार कुठे? हवेत. जिथे त्या भाकरी थापायच्या, जिथे त्यांची मुलं रांगली, तिथून आता बगळा उडत होता आणि त्याच्या खाली शंभर मीटरांवर डंपर चालले होते.

"आणि तिकडं, त्याच्या खालतं, आमची बोडी." बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला बांधलेलं लहानसं तळं. धानाला पाणी द्यायला चंद्रपूर-भंडाऱ्याकडे अशा बोड्या पुष्कळ. मग आजी बोलतच राहिल्या. बोडीखालचं वावर. चिंचेचं वावर. लांबडं. कुणाची तरी म्हैस रुतून बसली होती ती जागा. लग्नाची वरात जिथे थांबायची ते वळण. मी वही काढली. पण त्या इतक्या भरभर सांगत होत्या की माझी निम्मी नावं निसटली.

मी विचारलं, "आजी, जुन्या गावातून काय काय आणता आलं?"

कवेलू आणले. दारं, खिडक्या, फाटे आणले. जातं आणलं, पण ते आता अंगणात पालथं पडलंय. मातामायचे दगड बैलगाडीत घालून, हळदकुंकू लावून, वाजतगाजत आणले. आणि काय नाही आणता आलं? विहीर. मातामायवरचा कडुनिंब. आणि मसणवट. "माहा बुढा तिथंच रायला," त्या म्हणाल्या. बुढा म्हणजे त्यांचे यजमान. त्यानंतर आम्ही दोघी थोडा वेळ काही बोललो नाही. त्यांच्या घरी रात्री दिवा लावला तेव्हा मला पाऊण किलोचं गणित आठवलं. पण दिवा मी काही विझवला नाही.

गाव जाण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे मध्येच अडकून पडणं. भद्रावतीजवळ बरांज मोकासा नावाचं गाव आहे. भद्रावतीची विजासनची बौद्ध लेणी पाहायला गेलात तर हे गाव तिथून जवळच. इथला कोळशाचा पट्टा मिळाला तो कर्नाटकच्या सरकारी वीज कंपनीला. २००८ च्या सुमारास खाण सुरू झाली. कोळसा महाराष्ट्रातला, दिवे कर्नाटकातले! पण सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या २१४ खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं. बरांजचा पट्टा त्यात होता आणि खाण बंद पडली. झालं! शेतात खड्डा पडलेला, खाणीतलं काम थांबलेलं आणि गाव नव्या जागी कधी जाणार, हे ठरेना. काही वर्षांनी खाण पुन्हा सुरू झाली, पण पुनर्वसनासाठी गावकऱ्यांना, त्यातही बायकांना, वारंवार आंदोलनं करावी लागली. जे मूल २००८ मध्ये पहिलीत होतं, ते एव्हाना कॉलेज संपवून बाहेर पडलं असेल. त्याने आपलं गाव 'जाणार, जाणार' असंच ऐकलं.

तुम्हाला वाटेल, हे आपल्याकडेच होतं. नाही हं! जर्मनीत खुल्या खाणींनी कितीतरी गावं घेतली. लाइपझिग शहराजवळ हॉयर्सडॉर्फ नावाचं गाव होतं. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं भांडून पाहिलं, शेवटी हरले. पण तिथल्या सातशेहून अधिक वर्षांच्या दगडी चर्चचं काय करायचं? ते त्यांनी अख्खंच्या अख्खं उचललं! ऑक्टोबर २००७ मध्ये शेकडो टनांचं ते चर्च प्रचंड मोठ्या चाकांच्या गाडीवर चढवून मुंगीच्या पावलांनी बारा किलोमीटरांवरच्या बोर्ना गावी नेलं. वाटेतल्या विजेच्या तारा काढल्या, रस्ते मजबूत केले. हजारो लोक बघायला आले होते. आजही ते तिथे उभं आहे. त्याचं गाव मात्र नाही. आपल्या आजींची बैलगाडी आणि ती प्रचंड गाडी, दोन्ही निघाल्या एकाच कामाला.

जर्मनीच्याच पूर्व भागात, पोलंडच्या सीमेजवळ, सॉर्ब नावाचे लोक राहतात. त्यांची भाषा जर्मनपेक्षा अगदी वेगळी. त्यांच्या मुलखात शंभराहून अधिक गावं, वाड्या खाणींत गेल्या. त्यांपैकी हॉर्नो या गावाने बरीच वर्षं झुंज दिली आणि शेवटी २००४ च्या सुमारास लोक फोर्स्ट शहरालगत नव्या वस्तीत गेले. तिथे त्यांनी एक फार छान गोष्ट केली. नाहीशा झालेल्या गावांचं एक दफ्तरच उघडलं. त्यात गावांची नावं आहेत, जुने फोटो आहेत, कुठलं गाव कधी गेलं ते आहे. तिथे जाऊन कुणीही आपल्या आजोबांचं गाव शोधू शकतं.

आजींचं दफ्तर त्यांच्या डोक्यात होतं. निघताना मी पुन्हा वही काढली आणि म्हटलं, आता सावकाश सांगा. दोन तास बसलो. विहिरी तीन, बोड्या दोन, वावरांची नावं एकवीस, देव सात, मोठी झाडं नऊ. पोरं भिऊन ज्या नाल्याजवळ जात नसत, तो नाला एक. शेवटी शेवटी शेजारच्या दोन बायका येऊन बसल्या आणि वाद सुरू झाला. एक म्हणे चिंचेच्या वावराला आंबा होता, दुसरी म्हणे मोह. मी दोन्ही लिहून घेतलं. मघाचा तो सातवीतला नेटवर्कवाला पोरगा दारात उभा राहून ऐकत होता. त्याने वही मागितली आणि मागच्या पानावर नकाशा काढायला सुरुवात केली. "इथून रस्ता, इथं आबाचं घर." आबाचं घर त्याला कुणी सांगावं लागलं नाही. गाव सोडलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता.

सायखेड्याला परतल्यावर मी ती वही भाच्याला दाखवली. त्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "आत्या, आपल्या इथल्या मळ्यांची नावं किती असतील गं?" आम्ही मामांना विचारलं, मामांनी शेजारच्या आजोबांना विचारलं आणि ओट्यावर रात्री अकरापर्यंत यादी चालली. गंगेकाठची मळई, तिच्यातही वरची आणि खालची. पाच नावं तर मामांनाही ठाऊक नव्हती. तुमच्या गावच्या शेतांना, ओढ्यांना, विहिरींना, गल्ल्यांना काय नावं आहेत? घरात सर्वांत म्हातारं माणूस असेल त्याला विचारा आणि लिहून आम्हाला पाठवा. नकाशा काढलात तर फारच छान. चित्र चांगलं यायला हवं असं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मला गाडीत बसवायला तो खेरवाडीपर्यंत आला. आम्ही उभे असताना एकलहऱ्याकडून एक मालगाडी आली. ती मनमाडच्या दिशेने जात होती. आवाज निराळाच होता, पोकळ, खडखडाटी. त्याने सवयीने बोट हलवत मोजायला सुरुवात केली.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला. "सगळ्या रिकाम्या. परत भरायला चालल्यात."